अण्णांचं जनता घड्याळ

चार महिने खपून जोडलेलं घड्याळ अखेर चालू झालं आणि पहिल्याच तासात चार मिनिटं पुढे गेलं. मागचं झाकण उघडून मी रेग्युलेटरची, म्हणजे घड्याळाचा वेग कमीजास्त करणारी, दांडी उणे खुणेकडे सरकवली, तरी पुढे. आणखी सरकवली. दांडी पार टोकाला जाऊन टेकली, घड्याळ पळतच राहिलं. रात्रीचे साडेअकरा, जळगावातला एप्रिल, पंखा बंद, कपाळावरचा घाम पुसत मी बसलेला. त्या रात्री मला वाटलं की अण्णांचं घड्याळ मी कायमचं बिघडवलं.

अण्णा, म्हणजे माझे वडील, रेल्वेत गार्ड होते, भुसावळला. मालगाडी घेऊन कधी मनमाड-इगतपुरीकडे, कधी खंडव्याकडे, कधी बडनेऱ्याकडे जायचे. १९७४ साली लग्नात आजोबांनी, म्हणजे आईच्या वडलांनी, त्यांना एचएमटीचं 'जनता' दिलं. साधी पांढरी डायल, तासांना रेघा, आत सतरा ज्वेल, म्हणजे खडे, रोज चावी द्यायची. गार्डाला तेव्हा घड्याळ म्हणजे झेंडी-शिट्टीइतकंच ड्युटीचं सामान. ड्युटीवर हजर झालं की स्टेशनच्या घड्याळाशी आपलं घड्याळ मिळवायचं, गाडी कुठल्या स्टेशनाला किती वाजता आली-सुटली याची नोंद करायची. आणि स्टेशनांची घड्याळं रोज दुपारी चार वाजता मिळणाऱ्या वेळेवर लावली जायची. लहानपणी घरात चार वाजले की अण्णा असतील तर हमखास मनगटाकडे बघायचे. क्वार्टरच्या भिंतीवर कॅलेंडरशेजारी एक खिळा होता. ड्युटीवरून आले की टोपी खुंटीला, घड्याळ त्या खिळ्याला.

ते गेल्यानंतर घड्याळ आईच्या पेटीत पडून होतं. मागच्या डिसेंबरात मी काढलं. चावी फिरत होती, कमान भरत होती, पण काटा हलत नव्हता. हातात घेऊन झटका दिला की दहा-बारा टिकटिक, मग गप्प.

जळगावात दोन दुकानांत दाखवलं. एकाने झाकणही न उघडता सांगितलं की आतलं मशीन काढून सेलचं बसवून देतो. दुसऱ्याने मशीन ठीक करतो म्हटलं, पण डायल जुनाट दिसते, नवी रंगवून घ्या असा आग्रह धरला. मला दोन्ही नको होतं. जुनी एचएमटी घड्याळं आज शौकीन लोक शोधून घेतात, विशेषतः देवनागरी आकड्यांची जनता, आणि त्या मागणीपायी कितीतरी जुन्या डायली पुसून त्यांवर नवं छापलं जातं. दिसायला चकचकीत, पण जवळून पाहिलं की अक्षरं जाड आणि शाई पसरलेली. अण्णांच्या डायलवर सहाच्या बाजूला पिवळसर डाग आहे. घाम आत जाऊन पडलेला. तो डाग मला हवा होता, कारण तो घाम त्यांचा आहे.

कुणीतरी अमळनेरच्या आबांचं नाव सांगितलं. वय ऐंशीच्या घरात, बाजारातल्या एका ओट्यावर काचेची पेटी, तिच्यामागे ते. दुकान आता फारसं चालत नाही. सकाळी दोन-तीन तास बसतात. मी रविवारी भुसावळ-सुरत लाइनची गाडी पकडून पाळधी, धरणगाव करत अमळनेरला उतरलो. आबांनी घड्याळ कानाला लावलं, चावी दोन फेरे दिली, पुन्हा कानाला लावलं, आणि परत माझ्या हातात ठेवलं. म्हणाले, "तू काय करस?" मी शाळेत विज्ञान शिकवतो म्हटलं. मग त्यांनी जे सांगितलं त्याने माझे पुढचे सगळे रविवार ठरले. त्यांचा हात आता कापतो, बारीक काम जमत नाही. पण मी शिकायला तयार असेन तर ते शेजारी बसून सांगतील. हात माझे, नजर त्यांची.

पहिले आठ-दहा रविवार अण्णांच्या घड्याळाला त्यांनी हात लावू दिला नाही. भंगार बाजारातून आणलेल्या मेलेल्या घड्याळांवर सराव. स्क्रू काढ, लाव. पुन्हा काढ. स्क्रूड्रायव्हरचं पातं खाचेत नेमकं बसलं पाहिजे, नाहीतर घसरतं आणि पुलावर, म्हणजे चाकांना वरून धरणाऱ्या पट्टीवर, ओरखडा उमटतो. तो ओरखडा पुढचा प्रत्येक माणूस बघणार. आबांची दोन वाक्यं मी वहीत लिहून ठेवली आहेत. एक, "पहिले देख, मंग हात लाव." दुसरं, स्क्रू हलत नाही म्हणून मी जोर लावला तेव्हाचं: "जोर नको लावू. स्क्रू हालत नई म्हंजे तुनं चुकी राह्यनं." आणि खरंच, काही मशीनमध्ये क्राउन व्हीलचा, म्हणजे चावी देताना फिरणाऱ्या एका चाकाचा, स्क्रू उलट्या आट्यांचा असतो. सवयीने डावीकडे फिरवला की तो आणखी घट्ट होतो आणि शेवटी मान तुटते. त्याच्या डोक्यावर कधी दोन, कधी तीन रेघा असतात. ती खूण बघून मग हात लावायचा.

सरावाच्या डब्यात एक जुनं स्विस घड्याळ होतं, अंधारात चमकणाऱ्या आकड्यांचं. मी सुईने तो रंग खरवडायला गेलो तर आबांनी सुईच काढून घेतली. त्या काळच्या रंगात रेडियम असे. चमक कधीच संपली, पण रेडियमचं अर्धायुष्य १६०० वर्षांचं आहे, म्हणजे भुकटी आजही तितकीच घातक. विज्ञानाचा मास्तर मी, आणि हे मला घड्याळवाल्याने आठवून द्यावं लागलं. ती डायल तशीच पिशवीत बंद करून ठेवली. जुनी घड्याळं उघडणाऱ्या प्रत्येकाला हे माहीत असायला हवं म्हणून इथे लिहिलं.

मार्चच्या मध्यावर अण्णांचं घड्याळ उघडलं. सकाळी साडेसहाला. आबा उन्हाळ्यात नऊनंतर काम करू देत नाहीत, आणि त्याचं कारण खान्देशात राहणाऱ्याला सांगायला नको. पंखा लावला तर बारीक भाग उडतात, पंखा बंद ठेवला तर घाम. घामाचा एक थेंब किंवा नुसता बोटाचा ठसा पोलादावर पडला की काही दिवसांत तिथे तांबूस ठिपका येतो. म्हणून पंखा बंद, बोटांना रबरी टोप्या, टेबलाच्या कडेला खिळवलेलं पांढरं कापड आपल्या मांडीवर पसरलेलं. चिमट्यातून काही सुटलं तर कापडात पडावं. काही उडालंच तर आबांचा हुकूम एकच: "हालू नको. जठे शे तठेच बठ." आपण उठलो की ते आपल्याच चपलेखाली जातं.

झाकण दाबून बसवलेलं होतं. कडेच्या बारीक खाचेत पातं घालून ते वर उचललं. आतल्या बाजूला सुईने कोरलेल्या खुणा दिसल्या, पाच ठिकाणी. एक आकडा, एक अक्षर, एक नुसतं वर्तुळ. घड्याळ साफ केलं की दुरुस्तीवाला आपली खूण झाकणाच्या आत करून ठेवतो, म्हणजे पुढच्या वेळी आपलं काम ओळखता येतं. अण्णांनी पाच वेळा तरी घड्याळ साफ करून घेतलं होतं. पगार बेताचा, आम्ही तिघं भावंडं शाळेत, आणि हा माणूस दर चार-पाच वर्षांनी घड्याळासाठी पैसे बाजूला काढत होता. हे घरात कुणालाच माहीत नव्हतं.

पहिलं काम कमान मोकळी करायचं. भरलेल्या कमानीवर पॅलेट, म्हणजे चाकांना ठोक्यागणिक अडवून सोडणारा भाग, उचललं तर चाकं सुसाट सुटतात आणि दात किंवा दांड्यांची टोकं मोडतात. चावी बोटांत धरून ठेवायची, क्लिक नावाची खुंटी पात्याने बाजूला करायची, आणि चावी बोटांतून हळूहळू उलटी घसरू द्यायची. मग बॅलन्स, म्हणजे मागेपुढे झोके घेऊन वेळ राखणारं चाक. त्याचा पूल उचलला की ते हेअरस्प्रिंगला, म्हणजे केसासारख्या बारीक कमानीला, लोंबकळत वर येतं, पाळण्यासारखं. हे माझ्या आयुष्यातले सगळ्यात लांब पाच सेकंद होते. बॅलन्सच्या दांड्याची टोकं मिलिमीटरच्या दहाव्या हिश्शाच्या आसपास जाड, आणि मला ती नुसत्या डोळ्यांना दिसतही नव्हती.

नंतर काटे काढून डायल सोडवली. डायलवर प्लास्टिकचा तुकडा ठेवून मग काटे उचलायचे, नाहीतर डायलला व्रण पडतो. पॅलेट, चाकांचा पूल, चाकं, बॅरल म्हणजे कमानीची डबी, असं एकेक उतरवत गेलो. प्रत्येक पायरीला मोबाइलवर फोटो, आणि भाग काढले त्याच क्रमाने छोट्या झाकणाच्या डब्यांत.

आत काय झालं होतं ते तेव्हा दिसलं. ज्वेलच्या वाटीत तेल राहिलंच नव्हतं. त्याजागी काळपट डिंक. मधल्या चाकाभोवती बारीक तंतू. आबांनी भिंगातून पाहून सांगितलं, कापूस. आमच्याकडे जिनिंगचा हंगाम सुरू झाला की हवेत सरकीचा रेशा असतोच. चावीच्या फटीतून वर्षानुवर्षं आत गेलेला. त्यात इथला उन्हाळा. मे महिन्यात भुसावळ-जळगावचा पारा ४५ अंशांच्या वर जातो, तेल पातळ होऊन वाटीतून पसरतं आणि पसरलेलं तेल लवकर वाळतं. घड्याळ थांबण्याचं कारण एवढंच होतं. काहीही मोडलेलं नव्हतं.

सतरा ज्वेलबद्दल आमच्या गावाकडे जुना समज आहे की दुरुस्तीवाला आतले खडे काढून घेतो. आबांनी आयुष्यभर हे ऐकलं आहे, आणि ते सांगताना अजून त्यांचा चेहरा उतरतो. हे खडे म्हणजे कारखान्यात बनवलेलं माणिक. फ्रान्सच्या वेर्नॉय या रसायनतज्ज्ञाने १९०२ साली कृत्रिम माणकाची रीत जाहीर केली आणि तेव्हापासून ते इतके स्वस्त झाले की चोरून कुणाला काही मिळू नये. त्यांचं मोल कठीणपणात आहे. पोलादाचं टोक त्यांच्यात वर्षानुवर्षं फिरतं तरी भोक मोठं होत नाही. मी मोजून पाहिले: बॅलन्सला चार आणि त्याखालच्या रोलर नावाच्या चकतीचा एक, पॅलेटचे दोन दगड आणि त्याच्या दांड्याला दोन, मग एस्केप (पॅलेटला लागून असलेलं), चौथं, तिसरं आणि मधलं चाक यांना दोन-दोन. बरोबर सतरा.

धुलाई पांढऱ्या पेट्रोलमध्ये. दार उघडं, जवळ काडीपेटी नाही, देवापुढची उदबत्तीसुद्धा विझवलेली. ज्वेलची भोकं टोकदार लाकडी काडी फिरवून साफ करायची, काडी काळी निघेल तितक्या वेळा टोक तासून पुन्हा. एकेका भोकाला पाच-सहा वेळा. पॅलेटचे दगड लाखेने चिकटवलेले असतात, म्हणून ते स्पिरिटमध्ये बुडवायचं नाही. लाख विरघळते आणि दगड सुटतात. मेनस्प्रिंग, म्हणजे चावीने भरते ती कमान, बाहेर काढली तेव्हा ती ताणून उलट्या एस आकारात पसरायला हवी होती. पण ती गुंडाळीतच बसून राहिली. थकलेली. एचएमटीचा घड्याळांचा कारखाना १९६१ साली बंगळूरला जपानच्या सिटिझन कंपनीच्या सहकार्याने सुरू झाला आणि २०१६ साली सरकारने घड्याळ कंपनी बंद करायचं ठरवलं. नवे भाग येणं संपलं. पण ही घड्याळं एवढी खपली होती की जुन्या दुरुस्तीवाल्यांच्या पेट्यांत भाग अजून सापडतात. आबांच्या पत्र्याच्या डब्यात कागदी पाकिटातली न वापरलेली कमान निघाली. पैसे घ्यायला ते तयार नव्हते. मी त्यांच्या नातवाच्या हातात ठेवले.

जोडणीतली खरी परीक्षा चाकांचा पूल. खाली चार चाकांची चार टोकं आपापल्या ज्वेलमध्ये, आणि वरून पूल ठेवला की वरची चारही टोकं एकाच वेळी भोकांत बसायला हवीत. तीन बसतात, चौथं निसटतं. स्क्रू आवळून बसवायचा मोह होतो आणि तिथेच टोक मोडतं. पूल बोटाने अगदी हलका टेकवून, चाकांना काडीने किंचित हलवत राहायचं. बसला की आवाज न होता खाली उतरतो. मला पावणेदोन तास लागले. मग बॅरलला काडीने जराशी गती दिली आणि सगळी चाकं फिरली, शेवटचं एस्केप व्हील थांबता थांबता थोडं उलटं आलं. आबांनी मान हलवली. ते उलटं येणं म्हणजे रांग मोकळी आहे, कुठेही अडत नाही.

तेलाच्या बाबतीत ते फार कडक. भराभर फिरणाऱ्या चाकांना पातळ, सावकाश फिरणाऱ्या मधल्या चाकाला आणि बॅरलला जाड, चावीच्या भागांना ग्रीस. ज्वेलची वाटी अर्ध्याहून थोडी जास्त भरेल इतकंच. भरून वाहिली तर तेल वाटीत थांबतच नाही, सगळं पुलाकडे ओढलं जातं आणि टोक कोरडं पडतं. पॅलेटच्या दांड्याच्या टोकांना तेल नाही. पॅलेटच्या दगडांच्या तोंडाला मात्र हवंच.

आणि इथे माझी चूक झाली. बॅलन्स मी त्या रविवारी घाईत धुतला, परतीच्या गाडीची वेळ होत आली होती. ज्या पेट्रोलमध्ये बाकीचे भाग धुतले त्यातच तो हेअरस्प्रिंगसकट बुडवला, फुग्याने वाळवला, डबीत घालून जळगावला आणला आणि रात्री स्वतःच बसवला. घड्याळ ताबडतोब चालू झालं. बाकी सुरुवातीला लिहिलंच आहे.

पुढच्या रविवारी आबांसमोर डबी ठेवली. दांडी टोकाला गेलेली पाहून ते म्हणाले, "दांडी कसाले सरकावस? दुखनं दुसरंच शे." भिंग माझ्या डोळ्याला लावायला लावलं आणि हेअरस्प्रिंगकडे बघ म्हणाले. बॅलन्स हलत असताना कमानीचे सगळे वेढे एकसारखे श्वास घेतल्यासारखे उघडझाप करायला हवेत. माझ्याकडे दोन वेढे एकमेकांना चिकटून एकच झाले होते. तेवढी कमान आखूड पडली, आणि आखूड कमान म्हणजे जलद घड्याळ. मळलेल्या पेट्रोलातलं तेल वाळल्यावर वेढ्यांवर पातळ थर होऊन राहिलं होतं. रेग्युलेटर काय करतो? त्याच्या दोन बारीक खिळ्यांमधून कमान जाते. खिळे सरकले की कमानीची कामाची लांबी थोडी कमीजास्त होते. मी एका बाजूने लांबी वाढवत होतो आणि दुसऱ्या बाजूने चिकटलेले वेढे ती खात होते. बॅलन्स काढला, स्वच्छ पेट्रोलात दोनदा धुतला, दांडी मधोमध आणली. घड्याळ सुधारलं.

आबांचा राग त्या दिवशी मला कळला. तो घाईवर नव्हता. वर्षानुवर्षं लोक त्यांच्याकडे घड्याळं आणत, "जरा मागे करून द्या" म्हणत, आणि त्यांनी साफसफाई सांगितली की समोरच्या दुकानात जाऊन दोन रुपयांत दांडी सरकवून घेत. आठवडाभर बरी वेळ, मग पुन्हा तेच, आणि आतलं टोक कोरडंच झिजत राहणार. दांडी हा शेवटचा उपाय. मशीन स्वच्छ, तेल नेमकं, वेढे मोकळे, ठोका सरळ, एवढं झाल्यावर जे उरतं तेवढ्यापुरती दांडी. मी स्वतः ती चूक केल्यामुळे हे मला पटवून द्यावं लागलं नाही.

ठोका सरळ म्हणजे काय, ते आबा कानाने सांगतात. टिक आणि टक यांच्यामधलं अंतर दोन्ही बाजूंनी सारखं हवं. लंगडं असेल तर घड्याळ चालतं, पण थांबलेलं चावी दिल्यावर आपणहून उठत नाही, झटका द्यावा लागतो. मी एक टाइमग्राफर मागवला होता. घड्याळ त्याच्या पकडीत ठेवलं की तो ठोके ऐकून दिवसाला किती सेकंद पुढे-मागे, बॅलन्स किती अंश फिरतो आणि ठोक्यातला लंगडेपणा किती मिलिसेकंद हे पडद्यावर दाखवतो. आबांनी त्या यंत्राकडे पाठ करून सरावातली सहा घड्याळं कानाला लावली आणि लंगडेपणाचा क्रम सांगितला. यंत्राचा क्रम तोच निघाला. मग मात्र त्यांनी खुर्ची वळवून पडदा बराच वेळ पाहिला, आणि त्यावरच्या टिक आणि टकच्या दोन रेघा एक होत जाताना पाहून त्यांना झालेला आनंद मी विसरणार नाही.

या जातीच्या घड्याळाचे ठोके तासाला १८,०००, सेकंदाला पाच, दिवसाला ४ लाख ३२ हजार. दिवसाला १० सेकंदांची चूक म्हणजे लाखामागे बारासुद्धा नाही. हाताने जोडलेल्या, कुठलीही वीज नसलेल्या यंत्राची ही अचूकता आहे. त्यात आमचं तापमान. साध्या पोलादाची हेअरस्प्रिंग आणि साधा बॅलन्स असेल तर एका अंशाला दिवसाकाठी १० सेकंदांच्या आसपास फरक पडतो; जानेवारीतल्या पहाटेच्या १० अंशांपासून मेच्या ४५ अंशांपर्यंत हिशेब केला तर तो जवळपास सहा मिनिटांवर जातो. तसं होत नाही, कारण तापमानाने ताठपणा फारसा न बदलणारे निकेल-पोलादाचे मिश्रधातू शार्ल एदुआर गिओम यांनी शोधले. १९२० सालचं भौतिकशास्त्राचं नोबेल त्यांना या कामासाठी मिळालं. वर्गात मी प्रसरणाचा धडा कितीतरी वर्षं शिकवतो आहे. आता तो शिकवताना अण्णांची ब्रेकव्हॅन, मालगाडीच्या शेवटचा गार्डाचा डबा, डोळ्यांसमोर येते, दुपारी तापलेला पत्रा आणि त्यात वेळ सांभाळत बसलेलं हे घड्याळ.

शेवटचं काम स्थितीप्रमाणे मोजणी. डायल वर, डायल खाली, चावी खाली, बारा वर, अशा वेगवेगळ्या स्थितींत प्रत्येकी काही मिनिटं. आडवं असताना बॅलन्स टोकाच्या बिंदूवर फिरतो, उभं केलं की टोकाच्या कुशीवर, घर्षण वाढतं, झोका कमी होतो. माझे दिवसाचे आकडे असे आले: डायल वर १३ सेकंद पुढे, चावी खाली ४ पुढे, आणि बारा वर करून उभं ठेवलं की ९ सेकंद मागे. आडव्यात झोका २७० अंश, उभ्यात २३५च्या आसपास. पन्नास वर्षांच्या घड्याळाला हे चांगलंच म्हणायचं. बॅलन्सचं वजन एका बाजूला किंचित जास्त असल्याने हा फरक पडतो, आणि तो कमी करायचा तर चाकाच्या कडेतून कणभर धातू काढावा लागतो. आबा म्हणाले, करता येईल, पण काढलेला धातू परत लावता येत नाही. मी थांबायचं ठरवलं.

त्या रात्री आईला घड्याळ दाखवलं. तिने कानाला लावलं, बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, "ठेवू नको बाबा टेबलावर. खिळ्याला टांग."

मी विचारलं, का?

"तुझे अण्णा फळीवर ठेवू द्यायचे नाहीत. मी आवराआवरीत एकदा ठेवलं तर चिडले होते. फळीवर ठेवलं की पुढं जातं म्हणायचे."

मी वही उघडली. पट्ट्याची बक्कल बाराच्या बाजूला असते. बकलेने खिळ्याला अडकवलं की बारा वर, सहा खाली. हीच ती स्थिती जिच्यात घड्याळ मागे पडत होतं. दिवसाचे सोळा तास हातावर, हलता-फिरता सरासरी ५ सेकंदांच्या वेगाने पुढे, म्हणजे तीन-साडेतीन सेकंदांची कमाई. रात्रीचे आठ तास खिळ्यावर ९ सेकंदांच्या वेगाने मागे, म्हणजे तीन सेकंदांची वजाबाकी. फळीवर आडवं ठेवलं असतं तर तेच रोज आठ सेकंद पुढे गेलं असतं, आठवड्याला मिनिटभर. त्यांच्या काळात मेनस्प्रिंग वेगळी होती, तेल वेगळं, आकडे हेच असतील असं नाही. पण कल हाच असणार, कारण बॅलन्स तोच आहे. यंत्र नाही, भिंग नाही. रोज चार वाजता मिळणारी वेळ, आणि किती दिवस कुणास ठाऊक, एकदा फळीवर, एकदा खिळ्यावर ठेवून बघणं.

आमच्या आताच्या घराच्या भिंती टाइल्सच्या. खिळा ठोकायला जागा शोधावी लागली; दाराच्या लाकडी चौकटीत बसला. आईने तो सरळ आहे का हे दोनदा पाहिलं. सकाळी सहाला चावी देण्याआधी मी घड्याळ मोबाइलशी ताडून पाहिलं. दोन सेकंद मागे होतं. दांडीला मी हात लावला नाही.